छताला ठोकलेलं आभाळ

पाम लँडिंग, फ्लोरिडा
४ मार्च २०१२

लँडिस,

हे पत्र तुझ्या हातात पडेल की नाही, मला माहीत नाही. रोशेलने फोनवर पत्ता सांगितला, तो मी पाकिटावर पुढेही लिहिलाय आणि मागेही, कारण हल्ली पोस्टाचा भरवसा नाही. अक्षर लागलं नाही तर तिच्याकडून वाचून घे. नको, तिच्याकडून नको. चष्मा लाव आणि तूच वाच.

तुझ्या मुलीने फोन केला तेव्हा मी चर्चमधून येऊन बूट काढत होतो. "सीफस काका, मी रोशेल. रॉचेस्टरहून बोलतेय." मला वाटलं, तू गेलास. या वयात घरच्यांचा लांबून फोन आला की दुसरं काय वाटणार? एक बूट हातात घेऊन मी खुर्चीत बसलो आणि म्हटलं, "कधी?" ती म्हणाली, "काय कधी?" मग कळलं की तू आहेस, फक्त गुडघे गेलेत. गुडघे माझेही गेलेत. त्यासाठी मी कोणाच्या छातीत धडकी भरवत नाही.

तिचं काम वेगळंच होतं. संत्री भरायच्या जुन्या गोदामाचं आता संग्रहालय झालंय. तिथल्या भिंतीवर आम्हा रस्त्यावर चित्रं विकणाऱ्यांची नावं पितळेत कोरून लावणार आहेत. हो, तीच चित्रं. गाव सोडण्याआधी ज्यांना तू 'मोटेलचा कचरा' म्हणालास, तीच. तो कचरा आता काचेच्या आत असतो आणि वरून त्याच्यावर दिवा सोडतात. मी परवा माझ्याच एका गुलमोहराला बोट लावायला गेलो, तर एक पोरगी धावत आली. "आजोबा, हात नाही लावायचा!"

रोशेल म्हणाली, "काका, त्या भिंतीवर बाबांचंही नाव पाहिजे. आभाळं तेच काढायचे ना?"

मी विचारलं, "तुला कोणी सांगितलं?"

"कोणीच नाही. मी तिसरीत असताना शाळेच्या नाटकाचा मागचा पडदा त्यांनी रंगवला होता, घराच्या भिंतीला लावायच्या रंगानं. बाई नुसत्या बघत राहिल्या. परवा इंटरनेटवर तुमचं एक चित्र बघितलं, त्यात तेच ढग होते. अगदी तेच."

"मग तुझे बाबा काय म्हणतात?"

"ते म्हणतात, मी कधी चित्रबित्र काढलं नाही. मी गाडी चालवायचो."

गाडी चालवायचास! गाडीचा विषय तूच काढलास म्हणून लिहितो. आपला सगळा धंदा त्या लांब गाडीत होता. ओली चित्रं एकावर एक, मध्ये काड्या घालून, मागच्या भागात बसायची ती त्याच एका गाडीत. ती गाडी तू नेलीस. आई अंथरुणाला खिळलेली, हिवाळी पाहुण्यांचा हंगाम सुरू, मोटेलं भरलेली, आणि सकाळी उठून बघतो तर अंगणात फक्त चाकांच्या खुणा. मी समोरच्या स्किलेटची गाडी मागून आणली. तिच्या तळाला भोक होतं, पाऊस पडला की चित्रांवर खालून चिखल उडायचा.

म्हणून हे कळवतो. तुझ्या नावासाठी मी कोणाच्या दारात जाणार नाही. तुला नाव हवं असतं, तर ते मागायला तुझी मुलगी आली नसती.

सीफस

१९ मार्च २०१२

लँडिस,

तुझं उत्तर नाही. पहिलं पत्र पोचलं असेल असं धरून लिहितो. नसेल पोचलं तर हे वाचून तुला काही कळायचं नाही, पण त्याला मी काय करू?

संग्रहालयाच्या कमिटीच्या मिसेस हॅलोरन घरी येऊन गेल्या. बाई गोरी, बारीक, बोलायला गोड. येताना रताळ्याचा केक घेऊन आल्या, दुकानातला. मी तो स्किलेटला दिला. स्किलेट अजून आहे, समोरच्याच घरात. दातच तेवढे नाहीत.

बाईंनी नियम समजावला. भिंतीवर नाव लावायचं तर त्या माणसाचं सत्तर सालापर्यंतचं निदान एक चित्र हवं, आणि ते पूर्ण त्याच्या एकट्याच्या हातचं हवं. मी विचारलं, "एकट्याच्या म्हणजे?" त्या म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नको. कलेत असंच असतं, मिस्टर मोब्ली."

असंच असतं! आपल्या अंगणात कसं असायचं ते यांना कोण सांगणार? पेरूच्या झाडांना खिळे मारून बोर्ड एका ओळीत टांगायचे. पुढून तू आभाळ मारत जायचास, मागून मी नदी, काठ, ताड आणि गुलमोहर घालत यायचो. पहिलं सुकायच्या आत शेवटचं संपायचं. मग एखादा जुना खिळा घेऊन ओल्या रंगात नाव खरवडायचं. नाव कोणाचं, तर जो विकायला जाणार त्याचं. गिऱ्हाइकाला पुढच्या हंगामात आणखी एक हवं असेल तर कोणाला शोधायचं, ते कळावं म्हणून. सही एवढ्यासाठीच होती. तू कधी दार वाजवायला गेला नाहीस, गाडीत बसून राहायचास, म्हणून तुझं नाव कुठल्याच बोर्डावर नाही. यात माझं काय चुकलं?

बाई म्हणाल्या, "तुमच्या भावाच्या मुलीनं आम्हाला लिहिलंय की या चित्रांतली आभाळं तिच्या वडिलांनी काढली. हे खरं आहे का?"

मी म्हटलं, "सही कोणाची आहे?"

"तुमची."

"मग?"

त्यांनी लिहून घेतलं. मी खोटं बोललो नाही. विचारलं त्याला जेवढं उत्तर लागत होतं तेवढं दिलं.

मग त्या माझ्या दलदलीच्या चित्रांविषयी बोलायला लागल्या. तू गेल्यानंतर काढलेली ती, सायप्रसची काळी झाडं, काळं पाणी, वर सगळा झाडोरा, आभाळाचा तुकडाही नाही. त्यांच्याविषयी एका पुस्तकात छापून आलंय म्हणे. "आभाळ नाकारण्याचं धाडस," बाई म्हणाल्या. डोळे मिटून म्हणाल्या. मला हसूही येईना. मला आभाळ जमत नाही, लँडिस, तुला माहीत आहे. निळ्यात पांढरा घातला की माझ्या हातून त्याची धुण्याची नीळ होते. म्हणून दलदल. स्किलेटला हे सांगितलं तर तो पोट धरून हसला. "सीफस, तू धाडसी? अरे, तू तर कुत्रं भुंकलं की रस्ता बदलतोस! उद्या मी मासे पकडायचे सोडतो, मलाही पितळेत कोरतील. पाणी नाकारणारा कोळी!"

बाई जायला निघाल्या तेव्हा मी मागच्या खोलीचं दार ओढून घेतलं. का, ते आता सांगतो, कारण तुला ते माहीत नाही.

तू गेलास त्या दिवशी पेरूखाली बोर्डांची एक ओळ तशीच होती. नुसती आभाळं, खाली काही नाही. मी त्यांवर काम करणारच होतो. पण त्याच आठवड्यात आईच्या खोलीचं छत गळून एक तुकडा तिच्या पायाशी पडला. आणि आपले बोर्ड तरी काय होते? लाकडाच्या वखारीतून कोपरे मोडलेले म्हणून स्वस्तात आणलेले, दाबलेल्या कागदाचे, छतालाच लावायचे. दुसरं काही हाताशी नव्हतं, मी तेच उचलून छताला ठोकायला लागलो.

आई खाटेवरून म्हणाली, "उलटा लाव."

"उलटा म्हणजे?"

"रंग खाली."

"आई, रंग खाली करून छत कोण ठोकतं?"

"ज्याला दिवसभर छताकडे बघत पडायचंय तो."

म्हणून रंग खाली. आठही बोर्ड. खाटेच्या बरोबर वर तू सकाळचं काढलं होतंस, कडेला पिवळं, आणि खिडकीकडचा तो वादळाचा ढग, खालून जांभळा. आई त्याला फार भ्यायची, की भ्यायचं नाटक करायची, मला अजून कळलेलं नाही. "सीफस, दोरीवरचे कपडे आत घे, खिडकीकडून भरून आलंय." रोज दुपारी. मी बाहेर जाऊन कपड्यांना हात लावून परत यायचो. ती गेली तीही त्याच्याच खाली.

आता मी त्या खोलीत झोपतो. तू हे कोणाला सांगू नकोस.

सीफस

११ एप्रिल २०१२

लँडिस,

अजून काही नाही. मी रोज पेटीत बघतो. टपालवाली म्हणते, "काय मिस्टर मोब्ली, कोणाची वाट बघताय, गर्लफ्रेंडची?" लाज वाटते.

तू का गेलास ते मला माहीत नाही असं समजू नकोस. मला तो दाताच्या डॉक्टरच्या बायकोचा बंगला आठवतो. त्या दिवशी चित्र मोठं होतं म्हणून मी तुला गाडीतून बोलावलं, नाहीतर तू दाराशी यायचास कुठे? बाई म्हणाली, "सोफ्याच्या वर धरून दाखव." तू दोन्ही हातांनी वर धरलंस. ती म्हणाली, "जरा डावीकडे. आता तसंच ठेव, मला विचार करू दे." आणि आत जाऊन जेवायला बसली. आपल्याला काट्याचमच्यांचा आवाज येत होता. तुझे दंड थरथरत होते. तू माझ्याकडे बघितलंस. मी म्हणालो, "धर अजून जरा, घेईल ती." घेतलंही तिने. त्या आठवड्यात तू गेलास.

बरं, मग? माझे दंड कधी थरथरले नाहीत का? मी किती सोफ्यांवर चित्रं धरली असतील! मी हसलो, 'मॅडम' म्हणालो, त्यांच्या कुत्र्यांची चौकशी केली. तुझ्या आभाळाला दारोदार मी नेलं. तुला हसता येत नव्हतं म्हणून कोणाला तरी हसावं लागत होतं. हे तू रॉचेस्टरला कारखान्यात पगार घेताना कधी मनात आणलंस का?

असो. मी आज लिहायला बसलो ते वेगळ्याच कारणाने. माझ्याकडून एक गोष्ट झाली आहे आणि माझा रक्तदाब वाढलाय.

संग्रहालयात कमिटीची सभा होती. मलाही बोलावलं होतं, पुढच्या रांगेत बसवलं. बाहेरून एक दाढीवाला प्राध्यापक आणला होता. पडद्यावर एकेक चित्र मोठं करून तो समजावत होता. माझं आलं. तेच, नदीकाठचा गुलमोहर, मागे वादळ येतंय. बँकेत टांगलेलं असायचं ते. प्राध्यापक म्हणाला, "झाडं ठरावीक आहेत, त्या काळी सगळे अशीच काढत. नदीही तशीच. पण आभाळ बघा! या माणसाने झाडांखाली आयुष्य काढलं आणि मन मात्र वर होतं." सगळ्यांनी माना वळवून माझ्याकडे बघितलं.

दुसरं चित्र. "इथेही झाडांकडे दुर्लक्ष करा."

दुर्लक्ष करा! लँडिस, तो गुलमोहर मी सुरीने काढायचो. एकेक पाकळी नाही, लाल रंगाचा थर उचलून एकदा असा टेकवायचा की तो आपोआप फुलासारखा तुटतो. लोक त्या लाल रंगासाठी गाडी थांबवायचे. आभाळासाठी कोणी गाडी थांबवली नाही, आभाळ तर गाडीतूनही दिसतं.

तिसऱ्या चित्राला मी उभा राहिलो. म्हणालो, "तुम्ही ज्याचं कौतुक करताय ते माझं नाही. आभाळं माझ्या धाकट्या भावाची आहेत, लँडिस मोब्लीची. ज्याकडे दुर्लक्ष करायला सांगताय ते माझं आहे."

मी खरेपणासाठी उठलो असं समजू नकोस. मला राग आला म्हणून उठलो.

सभेत कुजबुज झाली. मिसेस हॅलोरनचा चेहरा पडला. त्या हळूच म्हणाल्या, "मिस्टर मोब्ली, याचा अर्थ तुम्हाला कळतोय ना? मग ही चित्रं एका हाताची राहत नाहीत. आणि दलदलीची सत्तरच्या नंतरची आहेत. म्हणजे नियमाने तुमचंही नाव..." पुढचं त्यांनी गिळलं.

तेव्हा मला ते कळलं. त्यांच्या नियमाने तूही चित्रकार नाहीस आणि मीही नाही. आपण दोन अर्धे, आणि दोन अर्ध्यांचा एक होत नाही.

घाबरून मी आणखी बोललो. म्हणालो, "त्याचं एकट्याचं काम बघायचंय? या माझ्या घरी." ते आलेही. मिसेस हॅलोरन, प्राध्यापक आणि शिडी घेऊन आलेला एक माणूस. आईच्या खोलीत उभे राहून वर बघत राहिले. प्राध्यापक मला न विचारता खाटेवर आडवा झाला, बूट घालून. मग म्हणाला, "हे उतरवायला हवं. इथे पाणी झिरपलं तर संपलं."

मी विचारलं, "उतरवलं तर लँडिसचं नाव लागेल?"

मिसेस हॅलोरन म्हणाल्या, "यात फक्त आभाळ आहे, एकाच हाताचं. तुमच्या भावाने होकार दिला, तर लागायला हरकत नाही."

"आणि माझं?"

त्यांनी पर्स बंद केली.

मी त्यांना म्हणालो, उतरवा. आईचं छत उतरवा असं मी म्हणालो, लँडिस. माझं तोंड त्यानंतर दोन दिवस कडू होतं. मला ते नाव हवं होतं. या गावात पितळेत नाव असलेली आपली काळी माणसं किती आहेत? एक शाळेचा हेडमास्तर आणि दोन युद्धात मेलेले. चौथा मी झालो असतो, जिवंतपणी.

तुला त्या बाईंचा फोन येईल. फक्त 'हो' म्हण. एवढं तरी कर.

सीफस

२ मे २०१२

लँडिस,

तू काय केलंस?

मिसेस हॅलोरनचा फोन आज दुपारी आला होता. त्या म्हणाल्या, तू हसलास. फोनवर हसलास आणि म्हणालास, "आभाळं? मॅडम, मला ब्रश धरता येत नाही. ती सगळी सीफसची. मी गाडी चालवायचो. म्हातारा झालाय तो, घोळ होतो त्याचा."

घोळ होतो! माझा!

बाई किती गोड बोलल्या काय सांगू. "मिस्टर मोब्ली, तुम्ही भावासाठी स्वतःचं श्रेय सोडायला निघालात, किती मोठं मन!" मी ओरडलो, "माझं मन मोठं नाही हो, खरं तेच सांगतोय!" त्या म्हणाल्या, "हो हो, आम्हाला समजतं." लहान मुलाला समजावतात तसं. म्हणजे जेव्हा मी गप्प होतो तेव्हा मला कोणी खोटं म्हणालं नाही, आणि खरं बोललो तेव्हा म्हाताऱ्याचा घोळ.

संध्याकाळी रोशेलचाही फोन आला, रडत होती. "काका, मी त्यांच्या शेजारीच उभी होते. त्यांनी फोन ठेवला आणि टीव्हीवर बेसबॉल लावलं. मी म्हटलं, बाबा, तुम्ही खोटं का बोललात? तर म्हणाले, सीफसला ते नाव लहानपणापासून हवंय, मला दुपारचा चहा हवाय, जा, ठेव."

मला हे दान नको आहे. ऐकतोस का? एवढ्या वर्षांनी तू माझ्या अंगावर काहीतरी फेकलंस, आणि ते मेहेरबानी म्हणून फेकलंस की तोंडावर थुंकावं तसं फेकलंस, हे मला कळेना. स्किलेटला विचारलं. तो म्हणाला, "दोन्ही असेल. भाऊ आहे ना तुझा." त्याला नुसतं बोलायला काय जातं!

रागावण्यासारखं तुझ्याकडे काही असेल, तर ते मला लिही. शिव्या घाल. गाडी परत कर. हे काय केलंस?

सीफस

२८ मे २०१२

लँडिस,

नाव लागलं. शनिवारी कार्यक्रम झाला. मी जाणार नव्हतो. स्किलेटने माझा सूट स्वतः इस्त्री करून आणला आणि म्हणाला, "चल. नाहीतर मी तुझ्या नावाने भाषण ठोकीन आणि जेवणही दोनदा घेईन." म्हणून गेलो.

भिंतीवर सगळी नावं आहेत, बरीचशी गेलेल्यांची. माझं खालून दुसरं. मी त्यावर बोट फिरवलं, त्या दिवशी कोणी ओरडलं नाही. पितळ गार होतं. मला वाटलं होतं, काहीतरी होईल. छातीत किंवा डोळ्यांत. काही झालं नाही. कोणीतरी माझ्या हातात पेला दिला आणि फोटो काढला. एका बाईने विचारलं, "एवढं सुंदर आभाळ काढायला तुम्हाला कोणी शिकवलं?" मी म्हणालो, "धाकट्या भावाने." ती हसली आणि माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "किती नम्र आहात तुम्ही!"

म्हणजे आता मी मरेपर्यंत खरं बोललो तरी चालेल. त्याला विनय म्हणतील.

आज सकाळी मिसेस हॅलोरन आल्या. बरोबर शिडी, दोन माणसं, पांढरे हातमोजे. छत न्यायला. त्याला नावही ठेवून आल्या होत्या, 'सीफस मोब्ली यांची आभाळं'. संग्रहालयात एक वेगळी खोली करणार, मध्ये बाक ठेवणार, लोक आडवे पडून बघतील म्हणे. प्राध्यापकाची कल्पना.

मी दारात उभा राहिलो. शिडीवाल्याने पाय आत टाकला होता. मी विचारलं, "बाई, हे कोणाचं आहे?"

"म्हणजे काय? तुमचं."

"नक्की?"

"तुमच्या भावाने स्वतः सांगितलंय, मिस्टर मोब्ली. आता पुन्हा तो विषय नको ना."

"नाही, विषय काढत नाही. माझं असेल, तर मी ते देत नाही."

त्यांना वाटलं, मी किंमत वाढवतोय. मग वाटलं, डोकं फिरलंय. मग वाटलं, बरं नाहीये. पाणी आणायला निघाल्या, माझ्याच स्वयंपाकघरातून मला. शेवटी शिडीवाला, आपल्यातलाच पोरगा आहे, बेट्टी रोकरचा नातू, तो शिडी मिटत म्हणाला, "मॅडम, आजोबा नाही म्हणतायत. त्यांचं छत आहे."

गेले. जाताना बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला जराही वाईट वाटलं नाही.

तर हे असं झालं. तुझं म्हणून ते उतरवायला मी तयार झालो होतो. तू ते माझं केलंस, म्हणून राहिलं. मी दुपारभर खाटेवर पडून याचाच विचार करतोय. छताविषयी मी तुला मार्चमध्ये लिहिलं होतं. कोणाला सांगू नकोस, असं लिहिलं होतं. मग मीच कमिटीला घरी आणलं, आणि तेही तुला लिहिलं. तू ते वाचलंस, आणि मग त्या बाईंचा फोन आला. आईचं छत निघू नये म्हणून तू नाही म्हणालास का, लँडिस? मला तसं वाटावं असं मी होऊ देणार नाही. तू एवढा विचार करणारा नव्हतास. एवढा विचार केला असतास, तर गाडी ठेवून बसने गेला असतास.

आणि समज, केलास विचार, तर ते आणखीच वाईट. मग मी सगळ्यांसमोर उठून आपलं छत विकायला निघालो, आणि तू हजार मैलांवर खुर्चीत बसून, बेसबॉल बघत, ते वाचवलंस. हे मी कसं सहन करू? तुझ्यावर रागावण्यावर माझं आयुष्य चाललं आहे.

रोशेल जूनमध्ये येतेय. तिने तिकीट काढलं, मला फक्त कळवलं. दुसरी खोली सामानाने भरलेली आहे, म्हणून ती आईच्याच खाटेवर झोपेल, मी बाहेर सोफ्यावर. पहिल्याच सकाळी ती डोळे उघडेल तेव्हा वर बघणार. आणि मला विचारणार, काका, हे कोणाचं?

मी तिला सांगणार आहे, तुझ्या बापाचं. तिथे कमिटी नसेल आणि नियम नसेल. मग ती तुला फोन करील, आणि तू म्हणशील, मी गाडी चालवायचो.

म्हण. तुझं ऐकायचं की वर बघायचं, ते तिचं ती ठरवील.

सीफस